पेज फॉल्ट आणि पंच होल: फाइल सिस्टममधली एक रेस कंडिशन दुरुस्त करताना

एका फाइलमधला ४०९६ बाइट्सचा तुकडा दुसऱ्याच फाइलमध्ये सापडतोय, अशी तक्रार आमच्याकडे जून २०२३ मध्ये आली आणि जानेवारी २०२४ मध्ये ती रीतसर बंद झाली. मधले महिने कसे गेले ते क्रमाने लिहिते आहे. कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातल्या) रेस कंडिशनबद्दल, म्हणजे दोन कामं एकाच वेळी चालली की क्रम चुकून होणाऱ्या दोषाबद्दल, पुस्तकी माहिती भरपूर मिळते. पण असं तिकीट अंगावर आलं की सुरुवात कुठून करायची, परवानग्या कुठे अडकतात, दुरुस्ती खरंच झाली हे कशावरून म्हणायचं, हे मला तेव्हा कुठेच एकत्र वाचायला मिळालं नव्हतं. पुण्यात स्टोरेजचं काम करणारी मंडळी पुष्कळ आहेत. कुणावर अशी वेळ आली तर हे हाताशी असावं.

मी बाणेरमधल्या एका कंपनीत काम करते. आमची स्वतःची फाइल सिस्टम आहे, लिनक्स कर्नलचं मॉड्यूल म्हणून चालणारी. कंपनीचं आणि ग्राहकाचं नाव करारामुळे लिहिता येणार नाही. ग्राहक आर्थिक क्षेत्रातला आहे आणि त्याच्या मशीनवर रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ आहे, म्हणजे ४.१८ वर आधारलेलं कर्नल. हा आकडा पुढे महत्त्वाचा आहे.

तिकीट आलं त्या आठवड्यात पालख्या पुण्यात होत्या, रस्ते बंद होते, निम्मी टीम घरून काम करत होती. तक्रार अशी: ग्राहकाचं एक अ‍ॅप्लिकेशन मोठ्या सेगमेंट फाइल्समध्ये नोंदी ठेवतं. जुन्या नोंदी नकोशा झाल्या की फाइलचा तेवढा भाग 'पंच होल' करून मोकळा करतं, म्हणजे फाइलची लांबी तीच राहते पण मधले ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे ठरावीक तुकडे) परत जातात. लिनक्समध्ये ही सोय २०११ पासून, २.६.३८ पासून आहे. अनेक प्रोसेस याच फाइल्स एमॅप करून, म्हणजे थेट मेमरीच्या पत्त्यांवर जोडून, वाचतात आणि लिहितात. आणि आठवड्यातून एखाद वेळी कुठल्यातरी भलत्याच फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) चुकतो.

आमच्याकडे येण्याआधी ग्राहकाने डिस्क बदलली होती, केबल बदलल्या होत्या, रॅम तपासली होती. एफएससीके स्वच्छ आलं होतं, आणि त्यावरून "फाइल सिस्टम ठीक आहे" असा शेरा तिकिटावर पडला होता. हा शेरा बघून कुणी थांबू नये. एफएससीके मेटाडेटा तपासतं, कुठला ब्लॉक कुठल्या फाइलचा याचा हिशोब जुळतो का ते बघतं. ब्लॉकच्या आत काय लिहिलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

ग्राहकाचा डेटा बाहेर येणं शक्य नव्हतं. सुरुवातीला फक्त स्क्रीन शेअरवर बघायची मुभा होती, तीही त्यांचा माणूस समोर बसलेला असताना. मग त्यांच्या माहिती सुरक्षा विभागाची आणि कायदा विभागाची सही झाल्यावर, आकडे झाकलेला हेक्सडंप, म्हणजे फाइलमधल्या बाइट्सची यादी, मिळाला. यात जवळजवळ तीन आठवडे गेले. म्हणून पहिल्याच फोनवर तीन गोष्टी मागा, ज्यांना कुणाची परवानगी सहसा लागत नाही: बिघडलेला भाग फाइलमध्ये कितव्या बाइटला सुरू होतो, किती लांब आहे, आणि डिस्कवर तो कितव्या ब्लॉकवर पडतो. शेवटची गोष्ट फाइलफ्रॅग हा प्रोग्रॅम सांगतो.

या तीन आकड्यांनी खूप काही सांगितलं. बिघाड प्रत्येक वेळी ४०९६ च्या पटीत सुरू होत होता आणि बरोबर ४०९६ बाइट्सनंतर संपत होता. रॅम खराब असती तर एखादी बिट उलटलेली दिसली असती. डिस्कचा दोष असता तर सेक्टरच्या किंवा रेडच्या (अनेक डिस्क जोडून केलेल्या रचनेच्या) पट्ट्याच्या मापात दिसला असता. बरोबर एक पेज, म्हणजे मेमरीचा ४०९६ बाइट्सचा एक तुकडा, त्यामुळे संशय सरळ पेज कॅशवर, कर्नल फाइलचा डेटा मेमरीत ठेवतं त्या जागेवर. हेक्सडंप आला तेव्हा त्या पेजच्या सुरुवातीला अ‍ॅप्लिकेशनच्या सेगमेंट हेडरची खूण होती, पण सेगमेंट क्रमांक दुसऱ्या फाइलचा. मॉड्यूलच्या अ‍ॅलोकेशन लॉगमध्ये तो ब्लॉक शोधला. थोड्याच वेळापूर्वी तो त्या दुसऱ्या फाइलकडे होता, पंच होलमध्ये सुटला होता आणि मग नव्या फाइलला मिळाला होता. ती लॉगची ओळ वाचताना पोटात गोळा आला. आमच्या कोडमुळे कुणाचातरी डेटा बिघडत होता, याबद्दल आता शंका उरली नव्हती.

त्याच दिवशी आमच्या सरांनी ग्राहकाला अ‍ॅप्लिकेशनमधलं पंच होल बंद ठेवायला सांगितलं. कारण समजण्याची वाट बघितली नाही. जागा परत मिळणं थांबल्यामुळे डिस्क भरणार होती, म्हणून आमच्या कंपनीने जादा डिस्क शेल्फ उसनं दिलं. त्याचा खर्च आमच्याकडे, त्यामुळे फायनान्सची मंजुरी, सेल्सच्या साहेबांची मंजुरी, गेट पास आणि विमा. पण पंच होल बंद झाल्यापासून नवा बिघाड एकही आला नाही. तात्पुरता उपाय शोधताना संशयित रस्ताच बंद करता आला तर बघा, ग्राहकाचं नुकसान थांबतं आणि तुमचा तर्क बरोबर दिशेने चाललाय का तेही कळतं.

आता कोडकडे. आमच्या पंच होलच्या फंक्शनमध्ये कामं या क्रमाने होत होती: आय-नोडचं (कर्नलमधल्या फाइलच्या नोंदीचं) मुख्य कुलूप, म्हणजे आय-आरडब्ल्यू-सेम घ्यायचं, त्या पट्ट्यातली पेजेस पेज कॅशमधून काढायची, जर्नलचं (बदलांच्या नोंदवहीचं) ट्रान्झॅक्शन सुरू करायचं, ब्लॉक मोकळे करायचे. दिसायला चोख. पण पेज फॉल्ट, म्हणजे मेमरीत नसलेलं पेज वापरायला गेल्यावर कर्नल ते आणतं तो रस्ता, आय-आरडब्ल्यू-सेम घेत नाही. त्यामुळे पेजेस काढून झाल्यावर आणि ब्लॉक सुटण्याआधी, त्या फटीत, दुसऱ्या सीपीयूवरच्या प्रोसेसने एमॅपमधून तिथला पत्ता वाचला तर फॉल्ट येतो, फाइल सिस्टमला विचारतो "हा ब्लॉक कुठे?", आणि तिला जुनाच पत्ता मिळतो, कारण ब्लॉक अजून सुटलेला नाही. पेज पुन्हा कॅशमध्ये येतं, जुन्या ब्लॉकशी बांधलेलं. मग ब्लॉक सुटतो, दुसऱ्या फाइलला मिळतो, ती फाइल त्यावर आपला डेटा लिहिते. नंतर कधीतरी पहिली प्रोसेस त्या पेजवर लिहिते आणि राइटबॅक, म्हणजे बदललेली पेजेस डिस्कवर लिहिणारा भाग, ते पेज इमाने इतबारे जुन्या पत्त्यावर नेऊन ठेवतो. भाडेकरूने खोली सोडली, मालकाने दुसऱ्याला दिली, पण जुन्याकडे एक किल्ली राहिली आणि तो आपलं सामान आणून तिथेच टाकतो, तसं.

यात एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. या सगळ्या कथेत एकही व्हेरिएबल कुलपाशिवाय वाचलं किंवा लिहिलं जात नव्हतं. पेज कॅशचं स्वतःचं कुलूप होतं, ब्लॉक मॅपचं होतं, जर्नलचं होतं. कर्नलमध्ये डेटा रेस, म्हणजे असं कुलपाशिवाय एकाच वेळी होणारं वाचन-लेखन, शोधणारं के-सी-सॅन आहे, ते ५.८ मध्ये, २०२० साली आलं. ४.१८ वर ते नाहीच, पण असतं तरी इथे गप्प बसलं असतं. प्रत्येक पायरी सुरक्षित होती, दोन पायऱ्यांमधली जागा उघडी होती. अशी रेस साधनं आपसूक दाखवत नाहीत, ती कागदावर मांडावी लागते.

कागदावर म्हणजे अक्षरशः कागदावर. आमचे सर या क्षेत्रात पंचवीसेक वर्षं आहेत. त्यांनी मला एक कोरा ए-थ्री कागद दिला आणि म्हणाले, "दोन उभे रकाने कर. डावीकडे पहिला सीपीयू, उजवीकडे दुसरा. एका आडव्या ओळीत एकच घटना. कोड उघडायचा नाही, आठवत नसेल तरच बघ." प्रत्येक ओळीपुढे त्या क्षणी हातात असलेली कुलपं लिहायची. ते करायला मला पूर्ण दुपार लागली. पण त्या कागदावर ती फट चौथ्या आणि सातव्या ओळीमध्ये इतकी स्पष्ट दिसत होती की पुढे प्रत्येक बैठकीत मी तोच कागद नेला. मॅनेजर, क्यूए (चाचणी करणारी टीम), ग्राहकाचा आर्किटेक्ट, सगळ्यांना तो समजला.

जुलै-ऑगस्ट हा सगळ्यात जिवावर येणारा काळ. कारण माहीत होतं, पण ते घडवून दाखवता येत नव्हतं. मी छोटा प्रोग्रॅम लिहिला: एक थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा धागा) सतत पंच होल करतो आणि पुन्हा लिहून भाग भरतो, काही थ्रेड त्याच पट्ट्यात एमॅपमधून वाचतात-लिहितात, आणि एक थ्रेड नव्या फाइल्स करून सुटलेले ब्लॉक लगेच बळकावतो. लॅपटॉपवर रात्रभर चालवला तरी काही नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. मोठं मशीन मागितलं तर पर्चेस रिक्वेस्ट, तीन कोटेशन्स, आणि तिमाहीचं बजेट संपलेलं. शेवटी क्लाउडवर एक पूर्ण मशीन तासाच्या भाड्याने घेतलं, तासाला ४०० रुपयांच्या आसपास. त्यासाठी सुद्धा माहिती सुरक्षा विभागाला लिहून द्यावं लागलं की त्यावर ग्राहकाचं काहीही जाणार नाही. घरच्या डेस्कटॉपसाठी तपकीर गल्लीतून ३२ जीबी जुनी रॅम आणली, साडेपाच हजारांना. ती माझ्या खिशातून गेली, पण रात्री व्हर्च्युअल मशीन्स घरी चालवता यायला लागल्या आणि त्याने खूप वेळ वाचला. पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर डेस्कटॉप टिकतो का ते आधी बघून घ्या.

रेस घडवण्यासाठी कामाला आलेल्या दोन युक्त्या सांगते. पहिली, फट रुंद करणं. पेजेस काढण्याची आणि ब्लॉक सोडण्याची ओळ यांच्या मध्ये मुद्दाम काही मिलिसेकंद झोप घातली. बिघाड लगेच दिसला. यातून एवढंच सिद्ध होतं की फट आहे, ग्राहकाकडे हीच फट आहे असं सिद्ध होत नाही. दुसरी, व्हर्च्युअल मशीनला खऱ्या कोअरपेक्षा कितीतरी जास्त सीपीयू देणं. माझ्याकडे ४ कोअर होते, मशीनला १६ दिले. मग होस्ट कुठलाही व्हर्च्युअल सीपीयू कुठल्याही ओळीवर थांबवतो, कर्नल ज्या जागी स्वतःहून कधी थांबलं नसतं अशा जागीही. कुठलीही झोप न घालता, मूळ कोडवर, बिघाड सरासरी दोन तासांत एकदा यायला लागला. पहिल्यांदा आला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. मी सरांना मेसेज टाकला. त्यांचं उत्तर लगेच आलं, म्हणजे तेही जागेच होते.

ग्राहकाकडे हीच फट आहे हे पक्कं करायला मॉड्यूलमध्ये एक तपासणी घातली: ब्लॉक सोडण्याच्या अगदी आधी, त्या पट्ट्यात पेज कॅशमध्ये एकही पेज असेल तर लॉगमध्ये एक ओळ. तिथे पेज असण्याचं दुसरं काही कारणच नाही. त्यांच्या चाचणीच्या मशीनवर, खऱ्या डेटाच्या प्रतीवर, ती ओळ तिसऱ्या दिवशी उमटली.

ऑगस्टच्या शेवटी दुरुस्तीची चर्चा सुरू झाली. पहिली सूचना अपेक्षेप्रमाणे आली: फॉल्टमध्येही आय-आरडब्ल्यू-सेम घ्या. ते चालत नाही, आणि का चालत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. साधा राइट कॉल आधी आय-आरडब्ल्यू-सेम घेतो आणि मग वापरकर्त्याच्या बफरमधून डेटा उचलतो. तो बफर मेमरीत नसेल तर तिथेच पेज फॉल्ट येतो, म्हणजे एमॅप-सेम, प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचं कुलूप, घ्यावं लागतं. फॉल्टच्या रस्त्यावर मात्र एमॅप-सेम आधीच हातात असतं. एका रस्त्यावर हे आधी ते नंतर, दुसऱ्यावर ते आधी हे नंतर, आणि एकाच प्रोसेसमधले दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत कायमचे अडकू शकतात. बफर त्याच फाइलचा एमॅप असेल तर एकटी प्रोसेस स्वतःशीच अडकते. कर्नलच्या फाइलमॅप-डॉट-सी या फाइलच्या सुरुवातीलाच कुलपांच्या क्रमाची एक लांब टिप्पणी आहे, तिच्यात हा क्रम लिहिलेला आहे. या कामाला हात घालणाऱ्याने ती टिप्पणी छापून टेबलावर ठेवावी.

दुसरी सूचना: ब्लॉक सोडल्यावर पेजेस पुन्हा एकदा काढा. याने फट लहान होते, बुजत नाही. मधल्या काळात राइटबॅकने ते पेज लिहिलं तर दुसऱ्याचा डेटा गेलाच. शिवाय टेस्ट मात्र हिरवी दिसते, आणि ते जास्त घातक.

हा प्रश्न आमच्या आधी मोठ्या फाइल सिस्टम्सना पडलेला होता. एक्सएफएसमध्ये डेव्ह चिनर यांनी २०१५ च्या सुरुवातीला फॉल्ट आणि ट्रंकेट (फाइल शेवटून कापणं) यांच्यासाठी वेगळं कुलूप आणलं. ईएक्सटी-४ साठी यान कारा यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तशीच सेमाफोर (अनेक वाचकांना किंवा एकाच लेखकाला आत सोडणारं कुलूप) लिहिली. पुढे त्यांनीच हे सगळं एकत्र करून पेज कॅशला 'इनव्हॅलिडेट लॉक' दिलं, जे ऑक्टोबर २०२१ च्या ५.१५ कर्नलमध्ये आलं. ४.१८ वर ते नाही, म्हणून आम्हाला आमची सेमाफोर हवी होती: फॉल्ट ती वाचनासाठी घेणार, पंच होल आणि ट्रंकेट लेखनासाठी. क्रम असा: आय-आरडब्ल्यू-सेम, एमॅप-सेम, मग आमची, मग ट्रान्झॅक्शन आणि पेजची कुलपं.

मी कोड लिहायला बसणार तर सरांनी थांबवलं. "हे कुलूप कशाची राखण करतं, ते एका वाक्यात लिही. लिहिता आलं नाही तर कुलूप लावू नकोस." बरीच खाडाखोड होऊन वाक्य ठरलं: पंच होल किंवा ट्रंकेट पेजेस काढायला लागल्यापासून ब्लॉक सुटेपर्यंत, त्या पट्ट्यात नवं पेज पेज कॅशमध्ये येणार नाही. या सगळ्या खटाटोपातून एकच गोष्ट दुसऱ्याला द्यायची असेल तर मी हे वाक्य लिहिण्याची सवय देईन. "फॉल्ट आणि पंच होल एकमेकांच्या आड येणार नाहीत" असं वाक्य लिहिलं असतं तर आम्ही तिथेच थांबलो असतो. पण "नवं पेज येणार नाही" म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: पेज कॅशमध्ये पेज येण्याचे रस्ते किती?

म्हणून तक्ता केला. वाचनाचा फॉल्ट, लेखनाचा फॉल्ट, साधं रीड, साधं राइट, स्प्लाइस (कर्नलच्या आतच डेटा सरकवणं), रीडअहेड (पुढची पेजेस आधीच वाचून ठेवणं), आणि पुढे काय वाचणार ते कर्नलला आधी सांगणारं एफअ‍ॅडव्हाइज. डायरेक्ट आयओ (पेज कॅश टाळून थेट डिस्कशी वाचन-लेखन) पेज आणत नाही, पण जुना पत्ता वापरू शकतो, म्हणून तोही. राइट आधीच आय-आरडब्ल्यू-सेम घेत होता. डायरेक्ट आयओ संपेपर्यंत पंच होल थांबतच होतं. आणि मग लक्षात आलं की साधं रीड काहीच कुलूप घेत नाही. म्हणजे फॉल्टचा रस्ता बंद केला तरी रीडने तेच जुनं पेज आणता येत होतं.

रीडमध्ये आमची सेमाफोर घेता येत नव्हती. रीड वापरकर्त्याच्या बफरमध्ये डेटा टाकताना फॉल्ट येऊ शकतो आणि तो फॉल्ट पुन्हा तीच सेमाफोर मागणार. मध्ये एखादा लेखक रांगेत उभा असेल तर अडकलो. म्हणून एक्सएफएस करतं तसं केलं: रीडने आय-आरडब्ल्यू-सेम वाचनासाठी घ्यायचं. याची किंमत आहे. एकाच फाइलवर वाचन आणि लेखन दोन्ही जोरात चालू असेल तर वाचक लेखकामागे थांबतात, आणि आमच्या मोजमापात ही घट नजरेत भरण्याइतकी होती. प्रॉडक्टच्या मॅडमनी विचारलं, "हे ऐच्छिक ठेवता येईल का?" सर म्हणाले, "दुसऱ्याचा डेटा बिघडू द्यायचा की नाही, हे सेटिंग मी ठेवणार नाही." रिलीज नोटमध्ये ती घट स्पष्ट लिहायची असं ठरलं. मला तो निर्णय मनापासून पटला.

उरलं रीडअहेड. एफअ‍ॅडव्हाइजकडून ते कुठल्याही कुलपाशिवाय येऊ शकतं, फॉल्टकडून आलं तर आमची सेमाफोर आधीच हातात असते. ४.१८ मध्ये रीडअहेडची पेजेस फाइल सिस्टमकडे येतात तेव्हा ती अजून कॅशमध्ये घातलेली नसतात, त्यामुळे तिथे सेमाफोर मिळते का ते नुसतं विचारून बघता येतं, वाट न बघता. मिळाली तर पुढे जायचं, नाही मिळाली तर रीडअहेड सोडून द्यायचं. ते न झाल्याने काही बिघडत नाही, पेज नंतर एकेक करून येतं. आमच्या पॅचमधला हा भाग सगळ्यात छोटा आहे आणि मला तोच सगळ्यात आवडतो.

पॅच गणपतीच्या आठवड्यात तयार झाला. टेस्टिंगला सुट्टी नव्हती, मशीन्स चालूच होत्या.

पहिली फेरी लॉकडेपची. २००६ पासून कर्नलमध्ये असलेलं हे साधन कुलपं कुठल्या क्रमाने घेतली जातात ते टिपत राहतं आणि दोन रस्त्यांवर उलटा क्रम दिसला की ओरडतं. त्यासाठी खरोखर अडकण्याची गरज नसते, दोन्ही क्रम वेगवेगळ्या वेळी एकेकदा दिसले तरी पुरतं. मशीन खूप मंद होतं, तरी याला पर्याय नाही. लॉकडेपने आम्हाला एक जुना, क्वचित चालणारा रस्ता दाखवला: डिस्क भरल्यामुळे राइट अर्धवट राहिलं तर जादा ब्लॉक परत करणारा. तिथे ट्रान्झॅक्शन आधी सुरू होत होतं आणि ट्रंकेट नंतर, म्हणजे आमच्या क्रमाच्या बरोबर उलट. तो रस्ता मुद्दाम चालवण्यासाठी लहानशी, भरत आलेली डिस्क लागते. एक्सएफएसटेस्ट्समध्ये अशा चाचण्या आहेत. नाव एक्सएफएसचं असलं तरी हा संच कुठल्याही फाइल सिस्टमवर चालतो, आणि त्यातले एफएसस्ट्रेस आणि एफएसएक्स हे दोन प्रोग्रॅम रोज रात्री चालू ठेवावेत.

मग खरा प्रश्न. बिघाड आला नाही, म्हणजे तो गेला असं कधी म्हणायचं? याचा हिशोब करता येतो, आणि तो केल्यावर माझ्या जिवाला बराच आराम पडला. मूळ कोडवर बिघाड सरासरी दोन तासांत एकदा येत असेल, तर दहा तास नुसत्या योगायोगाने स्वच्छ जाण्याची शक्यता साधारण ०.७ टक्के. शुक्रवारी संध्याकाळी लावून सोमवारी सकाळी बघितलं तर योगायोगाला जागाच राहत नाही. म्हणून आधी जुन्या कोडवर बिघाडाचा वेग मोजून ठेवा, तो नसेल तर नंतरच्या स्वच्छ रात्रींना अर्थ नाही. फटीत घातलेली ती झोपही काढून टाकू नका. आम्ही ती डीबग बिल्डमध्ये मॉड्यूलचं पॅरामीटर म्हणून ठेवली. प्रत्येक कुलपाच्या आतली झोप वाढवून तीच चाचणी चालवली आणि पॅच टिकला.

कोड रिव्ह्यूला दोघांची मान्यता लागते, इथे चौघांची घेतली. त्या एका वाक्याची आणि तक्त्याची टिप्पणी कोडमध्येच, सेमाफोरच्या वर लिहिली आहे. ऑक्टोबर क्यूएमध्ये गेला. यानंतरचं सगळं कागदोपत्री होतं, पण त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून थोडं तपशिलात सांगते. ग्राहकाच्या मशीनवर सिक्युअर बूट चालू आहे, त्यामुळे मॉड्यूलवर आमच्या किल्लीची सही हवी. ती किल्ली बिल्ड टीमकडे असते आणि हॉटफिक्सवर सही करायला वेगळा अर्ज लागतो. ग्राहकाच्या बदल मंजुरी समितीची बैठक दर गुरुवारी. अर्जात बदलाचं कारण, धोका, परत फिरण्याची योजना आणि त्या योजनेची चाचणी केल्याचा पुरावा लागतो. आमचा पहिला अर्ज याच शेवटच्या मुद्द्यावर परत आला, कारण परत फिरण्याच्या पायऱ्या लिहिल्या होत्या पण त्या चालवून बघितल्याचा लॉग जोडलेला नव्हता. तो अर्ज पुन्हा जाईपर्यंत दिवाळीची फ्रीझ (काहीही बदल न करण्याचा काळ) लागली. अशा फ्रीझच्या तारखा ग्राहकाकडून आधीच मागून कॅलेंडरवर टाकून ठेवा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी रात्री मॉड्यूल बदललं. फाइल सिस्टम अनमाउंट करावी लागते, म्हणून दोन तास मागितले होते, ४० मिनिटं मिळाली. आदल्या आठवड्यात चाचणीच्या मशीनवर घड्याळ लावून तालीम केली होती, त्यामुळे वेळ पुरला. सगळे आपापल्या घरून कॉलवर होते. माउंट झाल्यावर अ‍ॅप्लिकेशन सुरू झालं, आणि सोमवारी पंच होल पुन्हा चालू केलं.

पॅच पुढचा बिघाड थांबवतो, झालेला भरून काढत नाही. ग्राहकाच्या सगळ्या सेगमेंट फाइल्सचे चेकसम पुन्हा तपासून, बिघडलेले तुकडे बॅकअपमधून परत आणण्याचं काम डिसेंबरभर चाललं. एका फाइलचा चांगला बॅकअप नव्हता, तिथल्या नोंदी त्यांनी दुसऱ्या व्यवस्थेतून पुन्हा उभ्या केल्या. त्या बैठकीत मी होते. ग्राहकाकडच्या एका बाईंनी आवाज न चढवता विचारलं, "हे पुन्हा होणार नाही ना?" मी तो ए-थ्री कागद पुढे केला आणि कुठली फट होती, ती कशाने बंद झाली, कुठले रस्ते तपासले, ते ओळीने सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कागदाची प्रत मागून घेतली.

तिकीट बंद करण्याची अट अशी होती की तिमाहीअखेर धरून ठरलेला काळ एकही चेकसम चुकता कामा नये, आणि तपासणीची ती लॉगची ओळ एकदाही उमटता कामा नये. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्ही अटी पूर्ण झाल्या आणि उसनं दिलेलं डिस्क शेल्फ परत आलं. पॅच बाकीच्या ग्राहकांनाही पाठवला आहे. ५.१५ नंतरच्या कर्नलसाठी आमची वेगळी शाखा आहे. तिथे साधं वाचन, वाचनाचा फॉल्ट आणि रीडअहेड या तिन्हींमध्ये कर्नल स्वतःच इनव्हॅलिडेट लॉक घेतं, लेखनाच्या फॉल्टमध्ये आणि पंच होलमध्ये ते आम्ही घेतो. त्यामुळे त्या शाखेतून आमची सेमाफोर काढून टाकली. तक्ता तिथेही टिप्पणीत आहे, आणि चाचणी दोन्ही शाखांवर रोज रात्री चालते.